कच्ची वही, पक्की वही

पत्रिकेत आजचा विषय 'वेब फॉर्मची तपासणी आणि ऑब्जेक्ट-ओरिएंटेड डिझाइन' असा दिला आहे. सुरुवातीलाच एक सांगून टाकतो, ऑब्जेक्टला आम्ही ऑब्जेक्टच म्हणणार. 'वस्तुनिष्ठ' म्हटलं की आपल्याकडे चार पर्यायांतला एक निवडायचा प्रश्न आठवतो, आणि आजच्या विषयात चारांतला एक बरोबर असं फारसं काही नाही.

आम्ही काही मित्र गेली काही वर्षं शनिवारी दुपारी कॉलेजच्या मुलामुलींना प्रोग्रॅमिंग शिकवतो. त्यातल्या एका मुलीने शिष्यवृत्तीचा ऑनलाइन फॉर्म भरला. आईच्या नावासाठी तीन चौकोन होते : नाव, मधलं नाव, आडनाव. तिन्हींवर लाल तारा. तिच्या आईचं नाव सगळ्या कागदांवर एकाच शब्दात आहे. आडनाव रिकामं ठेवलं तर फॉर्म पुढे जाईना. टिंब दिलं, तर 'फक्त अक्षरं लिहा' असा संदेश. शेवटी तिने रोमन लिपीत 'लागू नाही' या अर्थाची एन आणि ए ही दोन अक्षरं टाकली. फॉर्म गेला. पुढे मराठीत जे पत्र छापून आलं, त्यात आईचं आडनाव 'ना' झालं होतं. ही गोष्ट तिने वर्गात सांगितली तेव्हा सगळे हसले. मग ती म्हणाली, खातं आईबरोबरचं आहे आणि नाव जुळत नाही म्हणून पैसे अडकलेत. त्यावर कोणी हसलं नाही.

आम्ही तोच फॉर्म वर्गाला सराव म्हणून दिला. म्हटलं, तुम्ही करा. ऑब्जेक्ट वापरून करा, कारण ते तुम्ही नुकतंच शिकला आहात. दोन आठवड्यांनी जे हाती आलं, त्याची समीक्षा म्हणजे आजचं भाषण. आणि ती मुलांची समीक्षा नाही. मुलं जिथून शिकतात त्या पुस्तकांची, व्हिडिओंची आणि आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांची आहे.

बहुतेकांनी एक 'फॉर्म' नावाचा क्लास केला. त्यात नाव तपासा, ईमेल तपासा, फोन तपासा, चुका दाखवा, एचटीएमएल छापा, डेटाबेसमध्ये टाका, असं सगळं. पूर्वी जी फंक्शनं एका फाइलमध्ये मोकळी पडलेली होती, त्यांच्याभोवती महिरपी कंस घातला आणि वर 'क्लास' लिहिलं, इतकंच. घरातला पसारा गादीखाली सरकवून पलंगपोस नीट केल्यासारखं. दोन-तीन हुशार मुलांनी वारसा वापरला : 'फील्ड' हा मूळ क्लास, त्यातून 'टेक्स्टफील्ड', त्यातून 'ईमेलफील्ड', 'फोनफील्ड', 'पिनकोडफील्ड'. चित्र काढलं तर वंशवृक्ष छान दिसतो. पण विचारा, यात पिनकोड कुठे आहे? पिनकोडचा चौकोन आहे. पिनकोड नाहीच. चौकोनातून बाहेर जे पडतं ते पुन्हा एक साधी स्ट्रिंग, आणि पुढच्या प्रत्येक फंक्शनला ती स्ट्रिंग तपासलेली आहे की नाही हे कळायला काही मार्ग नाही.

आमची मुख्य तक्रार इथे आहे. फॉर्म शिकवताना आपण ऑब्जेक्ट चुकीच्या जागी ठेवतो. स्क्रीनवर जे दिसतं त्याचे क्लास करतो, चौकोन, बटण, यादी वगैरे, आणि ज्याच्याबद्दल नियम आहेत त्या गोष्टी, म्हणजे नाव, जन्मतारीख, पिनकोड, रक्कम, या शेवटपर्यंत अनाथ स्ट्रिंगा राहतात.

असं का होतं, याला थोडा इतिहास आहे. ऑब्जेक्टची कल्पना नॉर्वेत डाल आणि नायगार्ड यांनी सिम्युला भाषेत आणली, १९६० च्या दशकात. भाषेच्या नावातच सिम्युलेशन आहे. त्यांना खऱ्या जगातल्या व्यवस्थेची नक्कल चालवून बघायची होती. म्हणजे ऑब्जेक्ट हा विषयातल्या गोष्टीचा प्रतिनिधी. पुढे खिडक्या आणि बटणांचे संगणक आले, आणि वारसा शिकवायला 'बटण हा एक प्रकारचा कंट्रोल' हे उदाहरण इतकं सोपं पडलं की तेच पाठ्यपुस्तकांत घर करून बसलं. वेबवर गोष्ट आणखी वेगळी. पीएचपी रास्मस लेर्डोर्फ यांनी १९९५ मध्ये लोकांसमोर आणली; तिच्या एका सुरुवातीच्या आवृत्तीचं नाव पीएचपी-एफआय, आणि त्यातला एफ म्हणजे फॉर्म. फॉर्म वाचणं हे तिचं जन्मकामच. पण वाचायची पद्धत कशी? रजिस्टर-ग्लोबल्स नावाची एक सोय होती. पत्त्याच्या ओळीत कोणी जे नाव लिहील त्या नावाचा व्हेरिएबल प्रोग्रॅममध्ये आपोआप तयार. दारावरची पाटी बघून कोणालाही घरात घ्यायचं, तशातला प्रकार. २००२ मध्ये ४.२ आवृत्तीत ती मुळात बंद ठेवायला सुरुवात झाली, आणि ५.४ मध्ये, म्हणजे २०१२ साली, कायमची गेली. ऑब्जेक्टचं पूर्ण घडीव रूप पीएचपीत आलं ते २००४ साली, पाचव्या आवृत्तीत. म्हणजे मधली कितीतरी वर्षं लाखो लोक फॉर्म हाताळायला शिकले ते ऑब्जेक्टशिवाय, आणि शिकले ते मुख्यतः भीतीपोटी : हे फंक्शन लावा, ते फंक्शन लावा, नाहीतर कोणी घुसेल. त्या सवयी आजच्या व्हिडिओंमध्ये जशाच्या तशा आहेत, फक्त क्लासच्या वेष्टनात.

आता पिनकोड घेऊ. लहान गोष्ट आहे, पण तिच्यात सगळं सापडतं. भारतात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. ती योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवीही होते, हे जाता जाता सांगायला आम्हाला आवडतं. सहा अंक, पहिला कधीच शून्य नाही. बस, नियम संपला? आमच्या वर्गात एकाने उत्साहाने जोडलं की चाळीस ते चव्वेचाळीसने सुरू होणारे महाराष्ट्राचे, म्हणून राज्य आपोआप भरून टाकू. गोव्याच्या एका मुलीने हात वर केला. गोव्याचे पिनकोड चारशे तीनने सुरू होतात. म्हणजे नियम लिहिणाऱ्याने पणजीला मुकाट्याने महाराष्ट्रात घातलं होतं.

बरं, लोक पिनकोड लिहितात कसा? कोणी सलग, कोणी तीन अंकांनंतर जागा सोडून. कोणी मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू असताना ४११०३० असे देवनागरी अंक टाकतो. इथे गंमत बघा. पायथनला हे अंक संख्या म्हणून दिले तर तो बरोबर संख्या करून देतो. जावास्क्रिप्ट म्हणते, ही संख्याच नाही. पीएचपीत जबरदस्तीने पूर्णांक करायला लावलं तर शून्य हातात येतो, तक्रार न करता. एकच माणूस, एकच पिनकोड, तीन भाषांत तीन निकाल. मग नियम कोणाचा चालणार? पिनकोडचा चालला पाहिजे, भाषेचा नाही.

म्हणून आम्ही मुलांना 'पिनकोड' नावाचा एक छोटा क्लास लिहायला सांगितला. तो तयार करायचा एकच दरवाजा : मजकूर आत द्यायचा. आत तो रिकाम्या जागा काढेल, देवनागरी अंक एका रूपात आणेल, सहा आहेत का बघेल, पहिला शून्य नाही ना बघेल. जमलं तर पिनकोड बाहेर, नाही जमलं तर कारण बाहेर. एकदा पिनकोड हातात आला की तो बदलता येत नाही. यातलं महत्त्वाचं हे की जिथे कुठे प्रोग्रॅममध्ये पिनकोड या प्रकारची गोष्ट दिसेल, तिथे ती तपासलेली आहेच. पुन्हा विचारायची गरज नाही. एरिक इव्हान्स यांच्या २००३ मधल्या डोमेन-ड्रिव्हन डिझाइन या पुस्तकातून 'व्हॅल्यू ऑब्जेक्ट' हा शब्द रुळला तो अशाच छोट्या, न बदलणाऱ्या गोष्टींसाठी. आणि फंक्शनल प्रोग्रॅमिंगच्या बाजूने अ‍ॅलेक्सिस किंग यांनी २०१९ मध्ये जवळपास हाच आग्रह धरला : तपासून सोडून देऊ नका, तपासण्याच्या कामातूनच नवा, अधिक खात्रीचा प्रकार तयार होऊ द्या. दोन वेगळ्या घराण्यांचे गवय्ये एकाच समेवर आले, याला आम्ही महत्त्व देतो.

एवढं सांगितल्यावर वर्गात एक शंका आली, आणि ती या भाषणातली सगळ्यात मोलाची आहे. एका मुलाने विचारलं, सर, पिनकोड ऑब्जेक्ट चुकीचा असूच शकत नाही, हे ठीक. पण माणसाने पाचच अंक टाकले, तर ते पाच अंक मी ठेवू कुठे? फॉर्म परत दाखवताना त्याने जे टाकलं ते त्याला दिसलं पाहिजे ना?

अगदी बरोबर. इथेच पुष्कळ डिझाइनं फसतात. शाळेत आपल्याकडे कच्ची वही असायची आणि पक्की वही असायची. कच्च्या वहीत गणित चुकलं तरी चालतं, खोडता येतं, बाजूला बाईंचा लाल शेरा असतो. पक्क्या वहीत उतरतं ते बरोबर झालेलं. दोन्ही वह्या लागतात. फॉर्म ही कच्ची वही. तिचं काम चुकीची माहिती धरून ठेवणं हेच आहे : माणसाने जे टाकलं ते जसंच्या तसं, त्याच्याशेजारी काय चुकलं ते. पिनकोड, नाव, जन्मतारीख ही पक्की वही. तिथे चूक मावतच नाही. आता ज्या डिझाइनमध्ये या दोन्हींचा एकच क्लास केलेला असतो, तिथे एक विचित्र प्राणी जन्माला येतो. कधी बरोबर, कधी चूक, आणि बघणाऱ्याला सतत विचारावं लागतं, बाबा रे, तू आत्ता बरोबर आहेस का?

ही कसोटी हातात घेऊन प्रसिद्ध फ्रेमवर्कांकडे पाहू. रुबी ऑन रेल्स हे २००४ पासूनचं. त्यात नियम मॉडेलमध्ये लिहितात. एका ओळीत, हे हवंच, हे इतकं लांब, असं. वाचायला फार सुंदर. नवशिक्या तासाभरात चालता फॉर्म करतो, हे यश लहान नाही. पण रेल्समध्ये ग्राहक नावाचा ऑब्जेक्ट नाव नसतानाही जन्माला येऊ शकतो. तो चुकीच्या अवस्थेत फिरतो, स्वतःच्या चुकांची यादी खिशात घेऊन. साठवण्याच्या क्षणी त्याला विचारतात आणि तेव्हा तो नाही म्हणतो. शिवाय 'तपासू नको, साठव' असं सांगायची सोयही आहे. कच्ची आणि पक्की एकाच बांधणीत. दुसरं, ईमेल आधी कोणाचा नाही ना, हे बघणारा नियमही तिथेच इतर नियमांच्या रांगेत बसतो, त्यामुळे तो तितकाच पक्का आहे असं वाटतं. तो नाही. दोन माणसांनी एकाच क्षणी फॉर्म पाठवला, तर दोघांनाही 'मोकळा आहे' असं उत्तर मिळू शकतं. खरा पहारा डेटाबेसमधल्या युनिक इंडेक्सचाच. रेल्सच्या स्वतःच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पण ते वाचायला मुलं क्वचितच जातात, आणि ज्या व्हिडिओवरून शिकतात त्यात ते असेलच असं नाही.

जँगोची पद्धत आम्हाला अधिक प्रामाणिक वाटते. तिथे फॉर्म हा वेगळा ऑब्जेक्ट. पाठवलेला मजकूर त्यात जसाच्या तसा राहतो, चुका वेगळ्या, आणि तपासणीतून उतरलेली मूल्यं 'क्लीन्ड-डेटा' नावाच्या वेगळ्या कप्प्यात. कच्ची आणि पक्की यांच्यात रेघ मारलेली आहे. गंमत म्हणजे जँगोलाही हे पहिल्या फटक्यात जमलं नव्हतं. आधीची मॅनिप्युलेटर नावाची व्यवस्था टाकून त्यांनी फॉर्म पुन्हा लिहिले आणि २००८ च्या १.० आवृत्तीत हीच नवी व्यवस्था अधिकृत झाली. आमची नाराजी एकच : क्लीन्ड-डेटा ही शेवटी एक डिक्शनरी आहे. तारीख तारखेच्या रूपात येते, संख्या संख्येच्या, पण पिनकोड मात्र स्ट्रिंगच. वही पक्की, पण पानांवर क्रमांक नाहीत. पुढची पायरी तुम्हाला स्वतः चढावी लागते, आणि जँगो ती चढू देतो, अडवत नाही.

तिसरी तऱ्हा जावाच्या बीन व्हॅलिडेशनची. हे २००९ चं प्रमाण, आणि पीएचपीतल्या सिम्फनीचा व्हॅलिडेटर त्याच धाटणीवर बेतलेला. इथे प्रत्येक गुणधर्मावर बिल्ला लावतात : रिकामा नको, किमान इतका, अमुक नमुन्याचा. नियम जाहीरपणे, जागच्या जागी दिसतात, हा मोठा फायदा. पण बिल्ला लावला म्हणून कोणी तपासतंच असं नाही. कोणीतरी व्हॅलिडेटरला हाक मारायला हवी. विसरलात, तर बिल्ले छातीवर आणि आत काहीही. मार्टिन फाउलर यांनी २००३ मध्ये 'अ‍ॅनिमिक' म्हणजे रक्तक्षयी मॉडेल असा शब्द वापरला होता, नुसती माहिती बाळगणाऱ्या आणि स्वतः काहीच न करणाऱ्या ऑब्जेक्टसाठी. बिल्ल्यांच्या या पद्धतीत तो आजार लवकर जडतो असं आमचं मत आहे. अनुभवी माणूस तो टाळतो, शिकणारा टाळत नाही.

आता नावाकडे येऊ, कारण मुलीच्या आईचा प्रश्न तिथेच आहे. आधी लांबी. 'श्रीराम' हा शब्द घ्या. आपण शाळेत मोजली तशी अक्षरं तीन : श्री, रा, म. युनिकोडच्या हिशोबात सात चिन्हं : श, हलन्त, र, दीर्घ ईची वेलांटी, र, काना, म. आणि पीएचपीचं साधं लांबी मोजणारं फंक्शन सांगतं एकवीस, कारण ते बाइट मोजतं आणि देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं. कोणीतरी कमाल वीस लिहून ठेवलं की श्रीराम बाद.

मग 'फक्त अक्षरं'. ए ते झेड हा नमुना तर देवनागरीला दारातच अडवतो. थोडं वाचलेली मुलं युनिकोडचा 'अक्षर' हा वर्ग वापरतात आणि खूश होतात. पण युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे अक्षर या वर्गात नाहीत, ते चिन्ह या वर्गात आहेत. म्हणजे 'कमल' पास आणि 'सीता' नापास! वर्गात हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मुलांना वाटलं संगणकच बिघडला. तिसरी गोष्ट कऱ्हाडची. अर्धा र लिहायचे कायदेशीर मार्ग एकाहून जास्त आहेत. ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरता येतं, र खाली नुक्ता देऊनही तेच मिळतं, आणि र, हलन्त व एक न दिसणारं जोडचिन्ह असंही लिहिता येतं. स्क्रीनवर तिन्ही 'कऱ्हाडकर' सारखेच. पहिल्या दोन रूपांना युनिकोडची प्रमाणीकरणाची प्रक्रिया एकत्र आणते, तिसऱ्याला आणत नाही. म्हणजे बँकेतला कऱ्हाडकर आणि फॉर्ममधला कऱ्हाडकर डोळ्यांना एक आणि संगणकाला दोन.

हे सगळं ज्ञान राहणार कुठे? प्रत्येक फॉर्ममध्ये नव्याने? 'व्यक्तिनाव' असा एक ऑब्जेक्ट हवा, ज्याला हे माहीत आहे, आणि दोन नावं सारखी आहेत का हे ज्याला विचारता येतं. आम्हाला ऑब्जेक्टचा खरा उपयोग इथे दिसतो : कष्टाने मिळालेलं ज्ञान एका जागी ठेवता येणं. पॅटर्नांची मोठमोठी नावं त्यानंतर.

आणि आता मोठा प्रश्न, नावाचे तुकडे. 'मधलं नाव' हा चौकोन आपल्याकडे काय साठवतो? मुलाच्या बाबतीत वडिलांचं नाव. लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत पुष्कळदा नवऱ्याचं. म्हणजे तो नावाचा तुकडा नव्हेच, ते दुसऱ्या माणसाशी असलेलं नातं आहे, आणि कोणतं नातं ते चौकोनाला माहीत नाही. त्यात महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये निर्णय घेतला : १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. ज्यांनी तीन रकाने धरून सगळं बांधलं होतं त्यांनी काय करायचं? आमच्या हुशार मुलांनी लगेच वारसा काढला : 'जुनंनाव' आणि 'नवंनाव' असे दोन उपक्लास. पण मग एकाच कुटुंबात थोरल्याचा क्लास वेगळा आणि धाकट्याचा वेगळा. शिवाय हा नियम नावाचा एकट्याचा नाहीच, तो नाव आणि जन्मतारीख या दोघांमधला आहे. नाव ऑब्जेक्टला तारीख माहीत असण्याचं कारण नाही, तारखेला नाव माहीत असण्याचं तर मुळीच नाही. नियम ज्या गोष्टीचा, तिथे तो ठेवा : 'जन्मनोंद' असा ऑब्जेक्ट, ज्यात बाळाचं नाव, आई, वडील, तारीख आहेत आणि 'कागदावर नाव कसं लिहायचं' याचं उत्तर तो देतो. कुठल्याही चौकोनाचा क्लास करून हे सुचलं नसतं. आणि जिथे वडिलांचं नाव नोंदीत नाहीच, तिथे काय, हा प्रश्न चौकोन लपवतो. ऑब्जेक्ट लिहायला बसलात की तो तुम्हाला विचारावाच लागतो.

चुकांबद्दल दोन शब्द. पिनकोड चुकीचा असेल तर अपवाद फेकायचा, अशी सवय लागली की पहिल्या चुकीला गाडी थांबते. माणूस ती दुरुस्त करून पाठवतो, मग दुसरी. सरकारी कचेरीत एकेक कागद मागत पाच चकरा मारायला लावतात, तसं. फॉर्मने सगळ्यांना एकदा विचारावं आणि सगळ्या चुका एकत्र सांगाव्यात. फाउलर यांनी २०१४ मध्ये याच मुद्द्यावर लिहिताना अपवादाऐवजी चुकांची टिपणवही ठेवायची रीत सुचवली. कारण पिनकोडने द्यावं : पाच अंक आले, सहा हवेत. त्याचं मराठी वाक्य मात्र फॉर्मने करावं, कारण समोर कोण बसलंय ते फॉर्मला माहीत आहे. 'अवैध निविष्टी' असलं मराठी कोणासाठी लिहितात, देव जाणे. आणि ब्राउझरमधली तपासणी ही सौजन्य म्हणून ठेवा, भरवसा म्हणून नको. ब्राउझर न वापरताही कोणीही सर्व्हरकडे काहीही पाठवू शकतो.

आता उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर आम्ही पंथ काढल्यासारखं होईल. हे ऐकून एका विद्यार्थ्याने अभिप्रायाच्या साध्या फॉर्मसाठी, म्हणजे नाव आणि मजकूर, दोनच चौकोन, तेवीस क्लास लिहिले. नियमांचा इंटरफेस, नियमांची साखळी, नियम बनवणारा कारखाना. विचारलं, मजकुराचा नियम काय? म्हणाला, रिकामा नको. एवढ्यासाठी एक 'इफ' पुरे. जिथे विषयाला स्वतःचे नियम नाहीत तिथे ऑब्जेक्ट लिहून नियम तयार होत नाहीत. आमचा ढोबळ हिशोब असा : तोच नियम दुसऱ्या ठिकाणी लिहायची वेळ आली, किंवा त्या नियमाबद्दल वर्गात भांडण झालं, की त्याला स्वतःचं घर द्यायचं. पिनकोडवर भांडण झालं. नावावर तर अजून चालू आहे.

प्रश्नोत्तरांतला एकच प्रश्न घेतो, मागच्या रांगेतून चिठ्ठी आली आहे. 'आमच्या कार्यालयात डेटाबेसमध्ये तीनच रकाने आहेत आणि ते बदलता येत नाहीत. मग हे सगळं ऐकून उपयोग काय?'

उपयोग आहे. रकाने तीन राहू देत. फॉर्मवर एकच चौकोन ठेवा, 'पूर्ण नाव, कागदपत्रांवर आहे तसं', आणि आत व्यक्तिनाव हा ऑब्जेक्ट. तीन रकान्यांत उतरवण्याचं काम डेटाबेसजवळच्या एका वेगळ्या क्लासला द्या, आणि रकाना रिकामा राहू शकतो हे फक्त त्यालाच माहीत असू दे. रिकामा रकाना डेटाबेसला मान्यच नसेल, तर तिथे ठेवायची खूण त्यानेच घालायची आणि परत वाचताना त्यानेच काढायची. ती खूण माणसाच्या डोळ्यांपर्यंत आणि छपाईपर्यंत पोहोचता कामा नये. आमच्या त्या मुलीने वर्गात अखेर हेच केलं. तिच्या प्रोग्रॅममध्ये आईचं नाव टाकलं की पत्रावर एकच शब्द छापून येतो, पुढे काही नाही. खऱ्या पत्रावर अजून 'ना' आहे. दुरुस्तीचा अर्ज तिने दिलाय, आणि त्या अर्जातही आडनावाच्या चौकोनावर लाल तारा आहे.